चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो का?

पिंपरी पेंढार
२० नोव्हेंबर २००१

मेहबूब मिस्त्रीस सोपानचा पिंपरीहून रामराम.

आधी झुबेदाभाभींच्या पायाची चौकशी, मग माझ्या जीपची. हा क्रम साळूने घालून दिलाय, नाहीतर मी उलटंच लिहिणार होतो. प्लॅस्टर कधी निघणार? लेकीकडे सोलापूरला गेलात ते बरंच केलंत, पण नारायणगावात तुझ्या दुकानाला कुलूप बघून स्टँडवरच्या सगळ्या जीपवाल्यांची तोंडं सुतक्यासारखी झालीत.

आता जीप. दसऱ्यापर्यंत अर्ध्या चावीत सुरू होणारी गाडी, दिवाळीच्या आधीपासून संध्याकाळी सेल्फच घेत नाही. बॅटरी उतरते. तुला माहीत आहे, गावातल्या सहा मुली माझ्या जीपने नारायणगावला कॉलेजला जातात, आमची हर्षाली धरून. परतीची एसटी साडेचारला निघते आणि यांचं प्रॅक्टिकल सुटतं पाचला. म्हणून तर त्यांच्या घरच्यांनी माझ्या भरवशावर पोरी पाठवल्या. गेल्या आठवड्यात दोनदा त्या सहाही जणींनी वह्या सीटवर टाकून जीपला धक्का मारला. डिझेलची गाडी, एकदा सुरू झाली की चालते, पण हेडलाईट इतके मंद की रस्ता आठवून आठवून चालवावा लागतो. दोन्ही अंगांना ऊस, आणि उसात बिबट्या आहे की नाही हे त्या बिबट्यालाच ठाऊक.

आळेफाट्यावरच्या एका नव्या मिस्त्रीने बॅटरी बदलली. नवीही चार दिवसांत बसली. आता तो म्हणतो बॅटरी भरणारा डायनामोच बदला. मला ते पटत नाही, कारण चार्जिंगचा लाल दिवा एकदाही लागलेला नाही. चार्जिंग बिघडलं की लाल दिवा लागतो, हे तूच शिकवलंस ना?

धक्का मारताना सयाजीने पाहिलं. त्याची पोर हर्षालीच्याच वर्गात आहे. म्हणाला, “सोपानराव, आमी पोरी शिकाया धाडल्यात, गाडी ढकलाया न्हाई. संक्रांतीपातुर बघतो, न्हाईतर पोरगी घरी.” सयाजीने थांबवली की बाकीचे थांबवणार, आणि एकट्या हर्षालीसाठी रोज जीप नेणं मला झेपणार नाही. तिची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. तू येऊ शकत नाहीस, ते कळतं. पण काहीतरी सांग.

तुझा,
सोपान


सोलापूर
२६ नोव्हेंबर २००१

सोपान,

झुबेदाचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, जीभ मोकळी आहे, तेव्हा काळजी करू नकोस. साळूवहिनींना तिचा सलाम सांग.

त्याला डायनामो म्हणायचं नाही, अल्टरनेटर म्हणायचं. हे वीस वेळा सांगून झालं. आणि तो बदलायचा नाही. चार गोष्टी बघ आणि मला कळव. एक, अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल आहे का? दोन, बॅटरीचे खांब, म्हणजे वायरी आवळतात ती दोन टोकं, स्वच्छ आहेत का? तीन, इंजिनपासून बॉडीला गेलेली अर्थिंगची पट्टी तुटली आहे का? आणि चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, लाल दिवा लागतो का?

वैद्य नाडी बघितल्याशिवाय औषध देत नाही. मी सोलापुरात बसून पिंपरीच्या जीपची नाडी बघतोय, तेव्हा उत्तरं खरी दे. तुझ्या जीपची एकेक वायर मी माझ्या हाताने ओढली आहे. तुला अट एकच घातली होती, वायरला हात लावायचा नाही. ती तू पाळली असशीलच.

मेहबूब


पिंपरी पेंढार
२ डिसेंबर २००१

मिस्त्री,

पट्टा ताठ आहे. खांब मी सोडा लावून घासले, आता साळूच्या तांब्यापेक्षा चकाचक आहेत. अर्थिंगची पट्टी शाबूत आहे.

आता एक नवल ऐक. रविवारी एक वऱ्हाड घेऊन माळशेजच्या पलीकडे गेलो होतो. घाट उतरून, परत चढून घरी आलो, तर बॅटरी टम्म भरलेली! हॉर्न असा वाजला की शेजारची गाय दावं तोडून पळाली. सोमवारी सगळं झकास. मंगळवारी कॉलेजला दोन फेऱ्या झाल्या आणि संध्याकाळी गाडी पुन्हा मेली. म्हणजे नारायणगावच्या सपाट रस्त्यावर बॅटरी उतरते आणि घाटात भरते! उलट्या काळजाची गाडी आहे की काय? गावात म्हणतात, नजर लागली. साळूने मिरच्या ओवाळून टाकल्या, पुढे लिंबू बांधलं. लिंबाने चार्जिंग होत नाही, हे मला कळतं, पण नाही कसं म्हणायचं?

मुली आता फाट्यावर गाडी थांबली की आपणहून उतरून मागे जाऊन उभ्या राहतात. ते बघवत नाही.

सोपान


सोलापूर
७ डिसेंबर २००१

सोपान,

घाटाचं वाचून मी जागेवरून उठलो. झुबेदा म्हणाली, “क्या हुआ? लॉटरी लगी?” लॉटरीच म्हण. अल्टरनेटर चांगला आहे हे त्या घाटाने सांगितलं. तो मेलेला नाही, झोपलेला आहे. घाटात दुसऱ्या गिअरला इंजिन जोरात फिरतं, तेव्हा त्याला आपसूक जाग येते. रोजच्या रस्त्यावर त्याला कोणी उठवतच नाही.

आता एक परीक्षा कर. इंजिन बंद, फक्त चावी चालू. लोखंडी पाना घे आणि अल्टरनेटरच्या मागच्या टोकाजवळ ने. पाना ओढला जातो का, बघ. तुझे हात जड आहेत, हर्षालीला धरू दे. परीक्षा झाली की चावी लगेच बंद करायची.

आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो का?

मेहबूब


पिंपरी पेंढार
१३ डिसेंबर २००१

मिस्त्री,

हर्षालीने पाना धरला. ओढला जात नाही. तिने तीनदा केलं, वेगवेगळे पाने घेऊन. मग मलाच विचारते, “बाबा, का वडला पायजे व्हता?” मी म्हणालो, चाचाला विचार. तिने वहीत लिहून ठेवलंय.

परवा वाईट झालं. फाट्यावरून निघालो आणि आडव्या आलेल्या मेंढरांमुळे इंजिन बंद पडलं, ते नेमकं चढावर. चढावर धक्का कुठून मारणार? दिवस मावळतीला लागलेला. उसात काहीतरी खसखसलं. डुक्कर असेल, कुत्रं असेल, पण सयाजीची पोर रडायला लागली. आमची हर्षाली तिचा हात धरून बसली आणि मोठमोठ्याने रसायनशास्त्राची सूत्रं म्हणायला लागली, मग बाकीच्याही म्हणायला लागल्या. शेवटी एक ट्रॅक्टर आला, त्याने ओढून गावात आणलं. सयाजी वेशीवरच उभा होता. पोरीला म्हणाला, “चल,” एवढंच. दुसऱ्या दिवशी ती आली, पण तिची आई जीपपाशी येऊन प्रत्येक चाकाकडे बघून गेली. ती चाकांकडे काय बघत होती, देव जाणे, पण मला मान वर करता आली नाही.

दिव्याचं म्हणशील तर गाडीत दिवा आहे, अंधार नाही. पुढे काय करू ते सांग.

सोपान


सोलापूर
१८ डिसेंबर २००१

सोपान,

चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो का?

हे तिसऱ्यांदा विचारतोय. चौथं कार्ड हर्षालीच्या नावाने येईल.

मेहबूब


पिंपरी पेंढार
२२ डिसेंबर २००१

मेहबूब,

नाही लागत. तो दिवा तिथे नाहीच. मी काढला.

आता सगळं सांगतो, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. हर्षाली दहावीला असताना मी ओझरच्या विघ्नहराला नवस बोललो होतो, की पोर पास होऊन कॉलेजला गेली तर गाडीत तुझ्यापुढे दिवा लावीन आणि गाडी चालू आहे तोवर तो विझू देणार नाही. दीड वर्ष नवस तसाच राहिला. यंदा नवरात्रात साळूने घटापुढचा दिवा नऊ दिवस तेवत ठेवला, वाऱ्याला पदर आडवा धरून. ते बघून मला लाज वाटली. खंडेनवमीला जीप धुतली, हार घातला, आणि विघ्नहराच्या तसबिरीपुढे छोटा हिरवा बल्ब बसवला.

चावीबरोबर चालू होईल अशी एक वायर हवी होती. ती लाल दिव्याच्या मागे मिळाली. मी म्हटलं, हा दिवा सकाळी क्षणभर लागतो आणि विझतो, पुढे दिवसभर झोपा काढतो. या आळशाचं इथे काय काम? तो बल्ब काढला, त्याची वायर देवाच्या दिव्याला दिली, देवाच्या दिव्याचं दुसरं टोक बॉडीला आवळलं. एक पिवळी वायर उरली, ती टेपात गुंडाळून आत सारली. तेव्हापासून देवापुढचा दिवा एकदाही विझला नाही. बॅटरी मरते तेव्हासुद्धा तो बारीक तेवत असतो.

पहिल्या पत्रात दिवा लागलेला नाही असं लिहिताना तो काढलाय हे मुद्दाम गाळलं, कारण तुझी अट मोडली होती, हे एक. दुसरं सांगायला जड जातंय. मला वाटलं, तू लिहिशील की देवापुढचा दिवा काढून टाक. मग मला तुझा राग आला असता. पंचवीस वर्षांत तुझा राग आला नाही, तो या वयात यायला नको होता.

तुझा,
सोपान


सोलापूर
२७ डिसेंबर २००१

सोपान, वेड्या,

मला तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. “लाल दिवा एकदाही लागलेला नाही” असं तू लिहिलंस ना? अरे, धडधाकट गाडीत तो रोज एकदा लागतोच. तेव्हाच सांगितलं असतं तर तू वायर जोडली असतीस आणि विसरून गेला असतास. आता चोर स्वतः चालत आलाय, तर बसून ऐक. हर्षालीलाही बसव, कारण तिने पान्याचं विचारलंय.

अल्टरनेटर एवढ्या मोठ्या बॅटरीला भरतो, हेडलाईट पेटवतो, हॉर्न वाजवतो. पण सकाळी पहिल्यांदा फिरताना त्याच्यात काहीच नसतं. त्याच्या पोटातल्या लोखंडाला चुंबक व्हावं लागतं, आणि त्यासाठी आधी थोडी वीज बाहेरून द्यावी लागते. वहिनी भांडंभर दुधाला चमचाभर विरजण लावतात, तेवढीच. ते विरजण कुठून जातं? त्या लाल दिव्यातून. चावी फिरवली की वीज दिव्यातून पिवळ्या वायरने अल्टरनेटरच्या पोटात जाते, जाता जाता दिवा पेटतो. अल्टरनेटर जागा झाला की त्याची स्वतःची वीज त्याच वायरने उलटी येऊन दिव्याला भिडते. दोन्ही बाजूंचा जोर सारखा झाला की कोणीच कोणाला ढकलत नाही, आणि दिवा विझतो. तू त्याला आळशी म्हणालास. अख्ख्या गाडीला उठवून मग गप्प बसणारा तो एकटाच आहे. घाटात लोखंडातल्या उरल्यासुरल्या चुंबकावर काम भागलं, रोज कसं भागेल?

चाळीस वर्षं मी वायरी जोडतोय. पण दिव्यातून गेलेल्या एवढ्याशा विजेने हातातला पाना ओढला जातो, तेव्हा अजून अंगावर काटा येतो. ज्याने लोखंडाला ही अक्कल दिली, त्याच्यापुढे मान खाली जाते. त्याला तू कुठल्या नावाने हाक मारतोस, यावरून मी तुझ्याशी कधी भांडलोय?

देवापुढचा दिवा काढायचा नाही. बॅटरीचा खांब सोड. देवाच्या दिव्याचं बॉडीला आवळलेलं टोक सोडव आणि त्या पिवळ्या वायरला जोड. हिरवा बल्ब बारका आहे, त्यातून पुरेसं विरजण जाणार नाही. तो काढून जुना लाल बल्ब तिथे बसव. झालं. आता तुझ्या विघ्नहरापुढचा दिवाच गाडीला उठवील.

फक्त गाडी उठली की तो विझेल. नवसाचं काय करायचं, ते मी सांगू शकत नाही. ते तुझं आणि त्याचं.

मेहबूब


पिंपरी पेंढार
४ जानेवारी २००२

मेहबूब,

तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवस जीपच्या वायरला हात लावला नाही. गाडी उठावी तर दिवा विझणार, दिवा ठेवावा तर पोरी घरी बसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी साळूने विचारलं, काय झालंय. सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने मान वर न करता म्हटलं, “पोरगी कालेजात जावी म्हून नवस बोल्ला व्हता ना? मग पोरगी घरी बसवून दिवा कुणासाठी लावताय? देवाला हाक मारायची, त्यानं ओ दिली का गप ऱ्हायाचं. ओ दिल्यावर बी वरडत बसलं तर देवच म्हनंल, आता पुरं.”

मग काय, जोडलं. म्हणजे हर्षालीने जोडलं. मी बॅटरीचा खांब सोडून बाजूला उभा राहिलो. साळूने देव्हाऱ्यातल्या डबीतून लाल बल्ब काढून दिला. मी तो तिथे ठेवला होता, टाकवला नव्हता. खांब पुन्हा जोडला, चावी फिरवली. विघ्नहराच्या पायाशी लाल उजेड पडला. हर्षालीने पाना नेला आणि एकदम ओरडली, “बाबा! धरलंय त्यानं!” मी पाना हातात घेतला. मेहबूब, काय सांगू तुला! बंद इंजिन, सगळं गार, कुठे हालचाल नाही, आणि आतून कोणीतरी पाना ओढून घेत होतं. मी काढला, पुन्हा नेला. पुन्हा ओढला. माझे डोळे भरून आले. पंचवीस वर्षं मी ही गाडी चालवतो असं म्हणत होतो. मला तिच्यातलं काहीही माहीत नव्हतं.

साळूलाही बोलावलं. तिने ओला हात पदराला पुसला, पाना धरला, आणि तो ओढला गेल्यावर घाबरून सोडलाच नाही. म्हणाली, “जित्तं हाय की ओ हे.”

सयाजीलाही मुद्दाम बोलावलं होतं. त्याच्यासमोर सगळं कबूल केलं, की चूक गाडीची नव्हती, माझी होती. बॅटरी अर्धमेली होती, म्हणून त्याने आणि मी मिळून एक धक्का मारला, शेवटचाच. हर्षाली क्लच सोडायला स्टिअरिंगवर बसली होती, नजर देवाकडे. इंजिन सुरू झालं, दिवा अजून लागलेला. तिने जरासा ॲक्सिलरेटर दाबला, आणि दिवा मंद होत गेला आणि विझला. हेडलाईट भर उन्हात झगझगले. सयाजीने चपला काढल्या, बॉनेटवर हात ठेवला, तोच हात कपाळाला लावला. मग मला म्हणाला, “उंद्या किती वाजता?”

आता रोज सकाळी सहा मुली बसल्या की कोणीच बोलत नाही. चावी फिरते, दिवा लागतो, सगळ्या त्याच्याकडे बघतात. इंजिन उठतं, दिवा जातो, आणि मग एकदम चिमण्यांसारखा कलकलाट सुरू होतो. नवस फिटला असं मी मानतो. तुझ्यापुढे कधी बोललो नाही ते आज लिहितो, तू माझ्या पोरीची बारावी वाचवलीस. भाभींना घेऊन लवकर ये.

तुझा,
सोपान


अवसरी खुर्द
१४ डिसेंबर २००९

मेहबूबचाचांना हर्षालीचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूलही करत नाही, म्हणून पत्रच लिहितेय. झुबेदाचाची बऱ्या आहेत ना? आई-बाबा मजेत आहेत. जीप या दिवाळीत भंगारात दिली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पण त्याआधी त्यांनी अल्टरनेटर, दिवा, होल्डर आणि ती पिवळी वायर माझ्यासाठी काढून ठेवली होती.

मी इथे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. इमारतीत अजून रंगाचा वास आहे आणि प्रयोगशाळेत सामानापेक्षा जागा जास्त आहे. परवा पहिल्या तासाला मी तो अल्टरनेटर टेबलावर मांडला, बॅटरी जोडली, फिरवायला मोटर लावली. फक्त दिव्याची वायर मुद्दाम काढून टेपात गुंडाळली. चाळीस मुलं-मुली भोवती जमली. मोटर सुरू केली, पट्टा फिरला, आणि वीज काही तयार होईना. त्यांना म्हटलं, शोधा.

तासभर शोधलं. पट्टा बघितला, खांब घासले, अर्थिंग तपासली. शेवटी एक मुलगा अगदी ठामपणे म्हणाला, “मॅडम, चार्जिंग ठीकच असणार. लाल दिवा कुठं लागलाय?” मला इतकं हसू आलं की खडू हातातून पडला. शब्द न् शब्द बाबांचा होता.

मी उत्तर सांगितलं नाही, चाचा. तुम्ही बाबांना विचारला होता तोच प्रश्न फळ्यावर लिहिला. तास संपल्यावर मुलं गेली, पण सात-आठ जणी तिथेच रेंगाळल्या. त्यांतली एक टेबलाखाली वाकून वायरी हाताने चाचपत होती. तिला टेप सापडला. तिने तो सोडवला, वायर जोडली, आणि दिवा लागला. मी तिच्या हातात पाना दिला.

तिने तो जवळ नेला. तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

तुमची,
हर्षाली